ताजे टोमॅटो, डब्यातले टोमॅटो आणि स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोमॅटोबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून फिरून दोन गोष्टींपाशी येतात. त्यातलं पाणी किती गेलंय, आणि त्याला आच किती लागलीय. ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असतं. पेस्टमध्ये ते पुष्कळ कमी झालेलं असतं, सुकवलेल्या टोमॅटोत जवळजवळ संपलेलं. डब्यातला टोमॅटो तुमच्या पातेल्यात येण्याआधी कारखान्यात एकदा तापून आलेला असतो. ही दोन मापं मनात धरून खालची उत्तरं वाचा, म्हणजे हाताशी जे असेल त्यावर काम भागवता येईल.

ताजे चांगले की डब्यातले?

कच्चे खायचे असतील तर ताजेच. इथे चर्चेला जागा नाही.

शिजवायचे असतील तर उत्तर हंगामावर अवलंबून आहे. ऐन हंगामातला, झाडावर पिकलेला टोमॅटो मिळाला तर त्याच्या सॉसची सर डब्याला येत नाही. पण हंगाम नसताना मिळणारे टोमॅटो बरेचदा कच्चे तोडून, वाटेत पिकवलेले असतात. लाल दिसतात, पण कापले की आत फिकट आणि कोरडे. डब्यासाठीचे टोमॅटो मात्र पिकल्यावर तोडतात आणि लवकरात लवकर बंद करतात, कारण त्यांना दूरचा प्रवास करून फळीवर आठवडाभर छान दिसत राहायचं नसतं. म्हणून वर्षातले कित्येक महिने शिजवण्यासाठी डबा हा जास्त चांगला टोमॅटो असतो. डबा उघडला म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

अख्खे, तुकडे, क्रश्ड, पासाता, प्युरी, पेस्ट: यात नेमका फरक काय?

अख्खे सोललेले टोमॅटो त्यांच्याच रसात बुडवलेले असतात. एकच डबा घरात ठेवायचा असेल तर हा ठेवा. हाताने कुस्करले की जाडसर, मिक्सरमधून काढले की गुळगुळीत, कापले की तुकडे. एकाच डब्यातून तिन्ही रूपं मिळतात. शिवाय अख्खं फळ धड दिसावं लागतं, त्यामुळे त्यासाठी निवडही जरा बरी होते.

तुकडे, म्हणजे चॉप्ड किंवा डाइस्ड, सोयीचे असतात, पण त्यांचा एक स्वभाव आहे. तो पुढच्या प्रश्नात सांगते.

क्रश्डची व्याख्या कंपनीगणिक बदलते. कुणाचा डबा जाडाभरडा, कुणाचा जवळजवळ पातळ. अनेकदा त्यात प्युरी मिसळलेली असते. एखादी कंपनी आवडली की तीच धरून ठेवावी.

पासाता म्हणजे गाळलेला टोमॅटोरस. साल नाही, बिया नाहीत, आणि आच फारच थोडी लागलेली. ताज्या टोमॅटोच्या सगळ्यात जवळ जाणारं गुळगुळीत रूप हेच. लवकर होणाऱ्या सॉससाठी आणि सुपासाठी मला हे फार आवडतं.

प्युरी आणि पेस्ट ही एकाच रस्त्यावरची दोन ठिकाणं आहेत. गाळलेला रस आटवत न्यायचा. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार टोमॅटोचा विरघळणारा घन भाग ७ टक्क्यांपासून २४ टक्क्यांच्या आतपर्यंत असेल तर ती प्युरी, आणि २४ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती पेस्ट. ट्यूबमधली ‘दुहेरी आटवलेली’ पेस्ट साधारण २८ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. काही ठिकाणी पेस्टलाच प्युरी म्हणतात, त्यामुळे परक्या पाककृतीत ‘२ चमचे प्युरी’ असं दिसलं तर तिथे बहुतेक पेस्ट अभिप्रेत असते. चमच्यांत माप म्हणजे पेस्ट, वाटीत माप म्हणजे प्युरी, असा अंदाज सहसा बरोबर येतो.

डब्यातले तुकडे तासभर शिजवले तरी गळत का नाहीत?

डबा उलटा करून घटकपदार्थांची यादी वाचा. बहुधा ‘कॅल्शियम क्लोराइड’ असं लिहिलेलं सापडेल. टोमॅटोच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून डब्यात महिनोन्‌महिने राहूनही तुकड्यांचे कोपरे शाबूत राहतात. तोच गुण सॉस करताना आड येतो. पातळ रसात टणक चौकोन तरंगत राहतात आणि आपण आच वाढवत बसतो.

तुकडे दिसावेत अशी इच्छा असेल, उदाहरणार्थ भाज्यांच्या सुपात किंवा ऑम्लेटवर, तर हा डबा अगदी योग्य. मऊसूत सॉस हवा असेल तर अख्ख्या टोमॅटोचा डबा घ्या. त्यातही कधीकधी कॅल्शियम असतं, पण फळ मोठं असल्याने आतला गर मऊच राहतो. तुकड्यांचाच डबा घरात असेल तर आधी मिक्सरमधून फिरवा, मग शिजवा. नुसतं जास्त वेळ उकळल्याने काम होत नाही.

पेस्ट वापरली की पदार्थाला कच्चट, डब्याचा वास येतो. काय चुकतं?

ती पाण्यात कालवली जाते, हे चुकतं. पेस्ट तेलात परतायची असते.

कांदा परतून झाला की तो कढईच्या कडेला सारा. मधोमध थोडं तेल असू द्या आणि त्यावर पेस्ट घाला. सुरुवातीला ती भडक लाल असते, चमच्याच्या मागे गोळा होऊन फिरते आणि तिखट-आंबट वास नाकात जातो. आच मध्यम ठेवून तिला तळाशी पसरवत, पुन्हा खरवडत राहा. मिनिटाभरात कडेचं तेल नारिंगी होतं. आणखी दोन-तीन मिनिटांत रंग खाली उतरतो, भडक लालचा विटकरी होतो, गोळा सुटा पडायला लागतो, आणि वास बदलतो. आंबट धार जाऊन त्या जागी जॅमसारखा गोडसर, भाजका वास येतो. तो आला की लगेच पाणी, रस किंवा टोमॅटो घाला आणि तळाला चिकटलेलं सगळं चमच्याने मोकळं करा. तळाला चिकटलेल्या त्या थरातच खरी चव असते.

यातला शेवटचा टप्पा झटकन पुढे जातो. विटकरीचा काळपट तपकिरी व्हायला अर्धं मिनिट पुरतं, आणि एकदा करपलेली पेस्ट कडू झाली की ती कशानेही सावरत नाही. त्यामुळे पाणी आधीच हाताशी ठेवा.

डब्यातली पेस्ट उरली तर चमच्या-चमच्याने कागदावर मांडून गोठवा आणि गोळ्या पिशवीत भरा. ट्यूब घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

एकाच्या जागी दुसरं वापरायचं तर प्रमाण काय?

४०० ग्रॅमच्या डब्याऐवजी ताजे घ्यायचे तर साधारण अर्धा किलो घ्या, म्हणजे मध्यम आकाराचे ४-५. साल आणि देठाकडचा भाग वजा होतो, शिवाय थोडं पाणी आटवावं लागतं.

प्युरी नसेल तर पेस्ट आणि पाणी समसमान मिसळा. पातळ सॉस हवा असेल तर १ भाग पेस्टला २ ते ३ भाग पाणी. घन भागाच्या हिशेबाने १०० ग्रॅम पेस्ट ही ४०० ते ५०० ग्रॅम ताज्या टोमॅटोंइतकी भरते. पण हा हिशेब दाटपणाचा झाला. पेस्टमध्ये पाणी घालून ताज्या टोमॅटोची चव परत येत नाही, कारण आटवताना उडून गेलेला सुगंध पाण्यात नसतो. अर्धं काम पेस्टवर आणि अर्धं ताज्या टोमॅटोवर सोपवलं तर मात्र दोन्हींचं चांगलं ते हाती लागतं: एकाची खोली, दुसऱ्याचा ताजेपणा.

उलट दिशेने, पेस्टच्या जागी ताजे वापरायचे असतील तर ते आटवायला वेळ लागणार हे धरून चला. घाईच्या वेळी हा बदल करू नका.

डब्यातला रस टाकून द्यावा का?

नका. अख्ख्या टोमॅटोच्या डब्यात रसाचा वाटा बराच असतो आणि त्यात चवही असते. पदार्थ कोरडा हवा असेल तर टोमॅटो निथळून घ्या आणि रस वेगळा आटवून शेवटी घाला, किंवा सुपासाठी ठेवा. डब्यात शेवटी जे चिकटलेलं राहतं तेही थोडं पाणी घालून विसळून पातेल्यात घ्यावं.

साल काढायलाच हवी का?

कच्च्या टोमॅटोची साल कुणाला खुपत नाही. शिजवल्यावर ती गरापासून सुटते, वळते आणि दाताखाली कागदासारखी लागते. गुळगुळीत सॉस किंवा सूप करायचं असेल तर काढा. जाडसर रस्सा असेल किंवा सगळं मिक्सरमधून निघणार असेल तर राहू द्या.

नेहमीची पद्धत अशी: देठाच्या विरुद्ध बाजूला सुरीने उथळ फुली मारा, उकळत्या पाण्यात ३० सेकंद, फार तर मिनिटभर ठेवा, लगेच थंड पाण्यात टाका. फुलीची टोकं उलटी वळलेली दिसतील, ती धरून साल ओढायची. जास्त वेळ ठेवला तर बाहेरचा गर शिजतो आणि सालीबरोबर निघून येतो.

थोड्याच टोमॅटोंसाठी मी हा खटाटोप करत नाही. टोमॅटो आडवा अर्धा कापते आणि कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर घासते. गर खाली वाडग्यात पडत जातो, साल तळहाताखाली चपटी होत जाते, आणि शेवटी हातात नुसती पातळ लाल चकती उरते. बोटांना सालीचंच कवच असल्याने ती किसली जात नाहीत. चार टोमॅटोंना तीन मिनिटं लागतात. या किसात मीठ आणि चांगलं तेल घातलं की तो न शिजवताही पावावर लावून खाता येतो.

बिया काढाव्यात का? त्यांनी कडवटपणा येतो म्हणतात.

अख्ख्या बियांनी कडवटपणा येत नाही. मिक्सरमध्ये फार वेळ भरडल्या तर थोडा येऊ शकतो. पण बियांभोवतीचा जेलीसारखा भाग टाकण्याआधी दोनदा विचार करा. टोमॅटोला जी भरीव, जिभेवर रेंगाळणारी चव असते ती मुख्यतः ग्लुटामेटची, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की ते बाहेरच्या गरापेक्षा या जेलीत कितीतरी जास्त असतं. बिया काढताना आपण चवीचा मोठा वाटा मोरीत सोडून देतो.

बिया नकोच असतील तर जेली चाळणीत काढा, चमच्याने दाबून रस खाली घ्या आणि नुसत्या बिया टाका. सँडविच किंवा भरलेल्या पदार्थासाठी कोरडा टोमॅटो हवा असेल तेव्हा हेच करावं, आणि निघालेला रस दुसरीकडे वापरावा.

टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवावेत का?

कच्चे असतील तर अजिबात नाही. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली पिकण्याची क्रिया बिघडते आणि नंतर बाहेर काढले तरी ते नीट पिकत नाहीत. लवकर पिकवायचे असतील तर पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू त्यांना पिकवतो. खिडकीतल्या उन्हाची गरज नसते.

पूर्ण पिकलेले असतील आणि आज-उद्या संपणार असतील तर बाहेर, देठाची बाजू खाली करून ठेवा. संपणार नसतील तर फ्रिज चालेल, कारण सडलेल्या टोमॅटोपेक्षा थंड टोमॅटो बरा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर ठेवून पाहिले होते. १ ते ३ दिवसांत सुगंधी घटकांत विशेष फरक पडला नाही. ७ दिवसांनी ते बरेच घटले आणि नंतर बाहेर ठेवूनही पूर्ण परत आले नाहीत. साखर आणि आंबटपणा तेवढाच राहिला होता, गेला तो वास. म्हणजे दोन-तीन दिवस ठीक, आठवडा नको. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा.

आणलेले टोमॅटो लाल आहेत, पण चवच नाही. त्यांचं काय करू?

भाजा. अर्धे कापून, कापलेली बाजू वर करून ताटात मांडा, मीठ आणि तेल घाला, आणि १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दीड-दोन तास राहू द्या. कडा सुरकुततात, पाणी उडतं, आणि जी काही थोडी साखर आणि आंबटपणा फळात होता तो एकवटतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता हेच करा.

अशा बेचवपणामागे एक हळहळ वाटावी असं कारणही आहे. जुन्या जातींच्या टोमॅटोंचा देठाकडचा भाग कच्चा असताना गडद हिरवा असतो. सगळं फळ एकसारखं लाल दिसावं म्हणून अनेक दशकं अशा जाती निवडल्या गेल्या, ज्यांचं फळ आधीपासूनच एकसारखं फिकट हिरवं असतं. २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं की या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं, आणि तेच जनुक फळात हरितद्रव्य वाढवून साखर तयार व्हायला हातभार लावत होतं. देठापाशी हिरवट खांदा असलेला टोमॅटो दिसला तर त्याला नाकारू नका. रंगापेक्षा देठाजवळचा वास आणि हातातलं वजन जास्त खरं सांगतात.

सॉससाठी लांबट टोमॅटोच का घ्यायला सांगतात? आणि ‘सान मार्झानो’ म्हणजे काय?

लांबट जातींत गर जाड, बियांचे कप्पे कमी आणि पाणी थोडं. लवकर आटतात. गोल रसाळ टोमॅटोचा सॉसही चांगला होतो, फक्त वेळ जास्त लागतो.

सान मार्झानो ही इटलीतल्या कांपानिया भागातली लांबट जात. तिथल्या ठरावीक गावांत पिकलेल्या आणि तिथेच डबाबंद झालेल्या या टोमॅटोच्या नावाला १९९६ पासून युरोपात संरक्षण आहे, आणि अशा डब्यावर तसा शिक्का असतो. त्याच जातीचं बी दुसरीकडेही लावतात, म्हणून नुसतं नाव वाचून मूळ ठिकाण ठरवू नका. माझ्या मते रोजच्या सॉसला साधा चांगला अख्ख्या टोमॅटोचा डबा पुरतो. जिथे टोमॅटो, तेल आणि मीठ एवढंच आहे, तिथे महागडा डबा उघडावा.

किती वेळ शिजवायचं?

दोन वेळा चांगल्या. एक म्हणजे १० ते २० मिनिटं: टोमॅटो मोडतो, थोडा दाटतो, पण ताज्या फळाची आठवण त्यात शाबूत असते. दुसरी म्हणजे दीड तास किंवा त्याहून जास्त, अगदी मंद आचेवर: ताजा वास गेलेला असतो आणि त्याच्या जागी गडद, गोडसर चव आलेली असते. मधल्या टप्प्यावर, चाळीस-पन्नास मिनिटांना, सॉस मला नेहमी अधांतरी वाटतो. ताजेपणा गेलेला, खोली आलेली नाही.

लवकर आटवायचं असेल तर आच वाढवण्याऐवजी भांडं बदला. रुंद, उथळ कढईत पाणी भराभर उडतं. उंच पातेल्यात तोच सॉस तासभर नुसता खदखदत राहतो. झाला हे कसं ओळखायचं? चमच्याने तळावर रेघ ओढा. रेघ क्षणभर तशीच राहिली, तिच्यात पाणी धावून आलं नाही आणि कडेला तेल दिसलं, की झाला.

सॉस फार आंबट झाला. साखर घालू की सोडा?

दोघांची कामं वेगळी आहेत. साखर आंबटपणा कमी करत नाही, झाकते. खाण्याचा सोडा आम्लाशी क्रिया करून ते खरोखर कमी करतो.

आधी मीठ पुरेसं आहे ना ते बघा. मीठ कमी असेल तर टोमॅटो उगाच आंबट लागतो. मग थोडं लोणी किंवा तेल घालून बघा, स्निग्धतेने धार बोथट होते. तरीही टोचत असेल तर चिमूटभर सोडा घाला. फेस येईल, तो बसू द्या, चव घ्या. ४०० ग्रॅमच्या डब्याला पाव छोट्या चमच्याच्या पुढे जाऊ नका, नाहीतर साबणासारखी चव येते आणि टोमॅटोपणच निघून जातं. पुढच्या वेळी कांदा किंवा गाजर आधी मंद परतून घ्या, त्यांच्या गोडव्याने बरंचसं काम आपोआप होतं.

टोमॅटो घातल्यापासून कडधान्य शिजतच नाही, असं का?

आम्लामुळे. कडधान्याच्या आणि बटाट्याच्या पेशी पेक्टिनने जोडलेल्या असतात, आणि आंबट पाण्यात ते पेक्टिन विरघळायला फार वेळ लावतं. एकदा मी भिजवलेला राजमा आणि दोन डबे टोमॅटो एकत्रच शिजायला टाकले. तीन तासांनी रस्सा आटून दाट झाला होता, तेल सुटलं होतं, आणि दाणा तसाच कडक होता. त्या दिवशी पाहुणे जेवायला उशिरापर्यंत थांबले.

कडधान्य आधी पूर्ण मऊ शिजवून घ्या, मग टोमॅटो घाला. आणि हाच गुण उपयोगीही पडतो: शिजलेले दाणे अख्खे राहायला हवे असतील तर टोमॅटो घातल्यावर ते लवकर मोडत नाहीत.

दूध किंवा साय घातली की सॉस फाटतो.

टोमॅटोच्या आम्लाने दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि उष्णतेने ते आणखी वेगाने होतं. पातळ दूध सगळ्यात लवकर फाटतं, घट्ट क्रीम सहसा टिकतं. आच बंद करा, क्रीममध्ये आधी दोन डाव गरम सॉस मिसळून त्याला कोमट करा, मग ते पातेल्यात ओता आणि पुन्हा उकळू नका. दूधच घालायचं असेल तर त्यात थोडं पीठ शिजवून दाट करून घ्या, किंवा टोमॅटोत चिमूटभर सोडा आधी घाला.

लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलं तर चालतं का?

चांगल्या मुरलेल्या लोखंडी कढईत दहा-पंधरा मिनिटांचं काम चालतं. तासभर शिजवलं तर आम्ल कढईवरचा तेलाचा थर खातं आणि पदार्थाला धातूची चव येते. वरून थर नसलेलं साधं ॲल्युमिनियम टाळा. स्टील आणि इनॅमल उत्तम. शिजवलेला टोमॅटो धातूच्या भांड्यात रात्रभर ठेवू नये, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढावा.

डब्यात टिकवण्यासाठी रसायनं घालतात ना?

टोमॅटो टिकतो तो उष्णतेमुळे आणि हवाबंद झाकणामुळे. निकोला ॲपेर या फ्रेंच माणसाने ही पद्धत काचेच्या बाटल्यांवर बसवली आणि १८१० मध्ये ती प्रसिद्ध केली. जंतूंमुळे अन्न खराब होतं हे कळायला त्यानंतर अर्धं शतक लागलं. यादीत सहसा दिसतात त्या गोष्टी म्हणजे मीठ, आम्ल पुरेसं राहावं म्हणून सायट्रिक आम्ल, आणि वर सांगितलेलं कॅल्शियम क्लोराइड. मीठ मात्र कंपनीगणिक बरंच कमीजास्त असतं, त्यामुळे पदार्थात मीठ शेवटी घाला.

कोणता डबा फेकून द्यायचा?

फुगलेला, गळणारा, उघडताना आतून फवारा उडणारा. चव घेऊन बघायची नाही. शिवणीवर किंवा कडेवर खोल पोचा असेल, किंवा गंज पुसून जात नसेल, तरीही टाका. मधल्या भागावरचा किरकोळ पोचा चालतो. उघडलेला डबा डब्यातच फ्रिजमध्ये ठेवू नका; झाकणाच्या बरणीत काढा आणि ३-४ दिवसांत संपवा.

घरी बाटल्या भरून ठेवता येतील का?

येतील, पण इथे अंदाजाने वागू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेला कारण होणारं विष तयार करणारे जंतू हवाबंद जागेत वाढतात आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली असेल तरच त्यांना आळा बसतो. टोमॅटोचा पीएच साधारण ४.३ ते ४.९ असतो, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे आम्ल वरून घालावंच लागतं: अर्ध्या लिटरच्या बरणीला बाटलीतल्या लिंबाच्या रसाचा १ मोठा चमचा किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक आम्ल, लिटरच्या बरणीला दुप्पट. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो म्हणून इथे बाटलीतलाच रस घ्यायचा. कांदा, लसूण, मिरची घातली की आम्लता आणखी कमी होते, म्हणून तसा सॉस बाटलीत न भरता गोठवा. बरण्या किती वेळ उकळायच्या हे आकारावर आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरतं. त्यासाठी तपासलेली कृतीच पाळा.

मग गोठवणं सोपं नाही का?

खूपच सोपं आहे, आणि हंगामात मी तेच करते. टोमॅटो धुऊन, पुसून, देठाचा भाग काढून अख्खे ताटात मांडून गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे. वापरताना नळाखाली धरले की साल हातात निघून येते, उकळत्या पाण्याची गरजच नाही. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटलेल्या असतात, म्हणून वितळल्यावर ते लिबलिबीत होतात. कोशिंबिरीला निरुपयोगी, सॉसला उत्तम. वितळताना सुटणारं पाणी वेगळं आटवलं तर शिजवण्याचा वेळही वाचतो.

सुकवलेले टोमॅटो कसे वापरायचे?

एक किलो सुक्या टोमॅटोसाठी बारा-तेरा किलो ताजे लागतात, तेव्हा हात आखडता ठेवा. कोरडे असतील तर गरम पाण्यात २०-३० मिनिटं भिजवा, आणि ते पाणी फेकू नका. खारट असतील तर बाकीचं मीठ कमी करा. तेलातली बरणी उघडल्यावर फ्रिजमध्ये जाते. घरी तेलात लसूण घालून बाहेर ठेवण्याचा मोह मात्र आवरा, कारण बोट्युलिझमचा धोका तिथेही आहे.

हिरवे टोमॅटो चालतात का?

चालतात. टोमॅटिन नावाचं कडवट द्रव्य कच्च्या फळात जास्त असतं आणि पिकताना कमी होत जातं. नेहमीच्या प्रमाणात, शिजवून किंवा तळून खायला हरकत नाही. काही जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात. दाबून मऊ लागला तर तो पिकलेला समजावा. तो कच्चा खाता येतो.

शिजवल्याने पोषण जातं का?

क जीवनसत्त्व कमी होतं. लाल रंग देणारं लायकोपीन मात्र शिजवल्यावर, आणि तेलाबरोबर खाल्ल्यावर, शरीराला जास्त सहज मिळतं. कच्चा आणि शिजवलेला असे दोन्ही खा.

मिक्सरमधून काढल्यावर लाल सॉस नारिंगी-गुलाबी का होतो?

पात्यांनी हवेचे बारीक बुडबुडे आत ढवळले जातात आणि तेलाचेही बारीक थेंब होऊन मिसळतात. त्यामुळे रंग फिका दिसतो, चव बिघडलेली नसते. सॉस पुन्हा मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवून ढवळा, हवा निघून गेली की लाली बरीच परत येते. तेल मिक्सरनंतर घातलं तर आणखी फरक पडतो. आणि रंग अजिबात ढळू द्यायचा नसेल तर टोमॅटो चाळणीवर डावाने घासून गाळा. मनगट दुखतं, पण साल आणि बिया वर राहतात आणि खाली जो रस पडतो तो गडद लाल असतो.